तळघरातील पिल्ले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा 'मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याचे पहिले संशोधन' असे आम्ही कळविले. त्यावर त्यांचा निरोप आला की, "गुरुजी, विषय जरा आडवळणाचा वाटतो. मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्यात तर बरे." चिटणिसांचे म्हणणे गैर नाही. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेला. संशोधन ही वस्तू आम्ही दुरूनच पाहिलेली. तरीही विषय बदलण्याचे मनात आले नाही, कारण तो सुचण्यास एक कारण घडले आहे, आणि त्या कारणाचा संबंध याच इमारतीच्या माडीवरील खोलीशी आहे. ते यथावकाश येईलच. आधी गोष्ट सांगतो.

येथे जे शिक्षक बसले आहेत त्यांना थॉर्नडाइक हे नाव नवे नाही. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात या गृहस्थांनी आम्हां सर्वांना छळले आहे. सज्जतेचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. आणि त्याखाली एक आकृती. पेटीत मांजर, पेटीबाहेर मासळीचा तुकडा. मांजर धडपडते, पंजे मारते, केव्हातरी चुकून खिट्टी ओढली जाते आणि दार उघडते. हेच 'प्रयत्न-प्रमाद' अध्ययन. आम्ही हे घोकले, लिहिले, गुण मिळविले आणि विसरलो. थॉर्नडाइक म्हणजे कोणी पांढऱ्या दाढीचा महापंडित असावा, अशी आमची समजूत होती. ज्या वेळी त्या पेट्या ठोकल्या गेल्या त्या वेळी हा मनुष्य अवघा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि त्याआधी भाड्याच्या खोलीत राहून घरमालकिणीची बोलणी खात होता, हे आम्हांस निवृत्त झाल्यावर कळले. ज्या मुलीने ते कळविले तिच्याविषयी पुढे बोलू.

एडवर्ड ली थॉर्नडाइक यांचा जन्म 1874 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. म्हणजे मान मोठा आणि पैसा बेताचा. शिवाय बदलीची नोकरी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच स्थिती होती, तेव्हा ती वर्णन करून सांगावयास नको. 1895 मध्ये वेस्लेयन विद्यापीठाची पदवी घेऊन ते हार्वर्ड येथे पुढील अभ्यासास गेले. मानसशास्त्राचा ओढा लागला तो विल्यम जेम्स यांच्या ग्रंथामुळे. जेम्स यांनी बारा वर्षे खपून 1890 साली मानसशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. एका बक्षिसाच्या परीक्षेसाठी म्हणून थॉर्नडाइकांनी तो उघडला आणि ते त्यात गुंतले. हार्वर्डला शिकवीत होते तेही हेच जेम्स.

खर्चाची सोय म्हणून थॉर्नडाइकांनी एका मुलाची शिकवणी धरली होती. मुलगा स्वभावाने गोड. परंतु राहणे एकाच खोलीत, त्यामुळे दिवसरात्र त्याची जबाबदारी डोक्यावर. या परिस्थितीत पहिल्या संशोधनासाठी विषय हवा होता.

त्यांनी पहिला विषय निवडला तो लहान मुलांचा. मुले तीन ते सहा वर्षांची. आपण मनात एखादी गोष्ट धरावयाची आणि मुलाने ती ओळखावयाची. बरोबर आले तर खाऊची गोळी. नकळत आपल्या चेहऱ्यावर जी सूक्ष्म हालचाल होते ती मुलांस वाचता येते काय, हा प्रश्न. प्रश्न साधा आहे, सुंदरही आहे. परंतु अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. मुलांवर प्रयोग म्हटले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत, आजही पडतात.

मग त्यांनी कोंबडीची पिल्ले घेतली. येथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण आम्हांस ही संपूर्ण कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात थॉर्नडाइकांनी स्वच्छ कबूल केले आहे की, पदवीची अट पुरी करणे हाच त्या संशोधनामागील मुख्य हेतू होता, दुसरा कोणताही विषय चालला असता, आणि प्राण्यांविषयी आपणांस विशेष आवड अशी मुळीच नव्हती. आपल्याकडे गुणगौरवाच्या भाषणांतून आम्ही वक्ते सांगत असतो की, थोर पुरुषांना बालपणापासून ध्यास लागलेला असतो. हे ऐकून ज्याला कसलाच ध्यास लागलेला नाही असा मुलगा मागच्या रांगेत मान खाली घालून बसतो. त्याच्यासाठी हे सांगितले.

पिल्ले राहत्या खोलीतच ठेवली. पुस्तके उभी करून त्यांच्या भिंती केल्या, भिंतींच्या गल्ल्या केल्या आणि एक वाट बाहेर काढली. तिच्या शेवटी दाणे आणि इतर पिल्ले. एकटे पडलेले पिल्लू चिवचिव करीत चुकीच्या गल्ल्यांतून धावे आणि पुष्कळ वेळाने बाहेर पडे. पुन्हा ठेवले की थोडे लवकर. पुन्हा, आणखी लवकर. पुस्तकांचा असा उपयोग आम्ही प्रथमच ऐकला. पण ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही त्याच्यापाशी पुस्तके तरी असतात. घरमालकिणीने काही दिवस सोसले. पिल्लांचा वास आणि कलकलाट कोण किती दिवस सोसणार? अखेर तिने निर्वाणीचे सांगितले.

जेम्स तोवर जगविख्यात झाले होते. त्यांनी या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चार हात जागा मागितली. नकार आला. मग तेथील प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात मागितली. तेथूनही नकार. तेव्हा त्यांनी ती पिल्ले उचलून आपल्या घरी, केंब्रिज गावातील आयर्विंग रस्त्यावरील घराच्या तळघरात आणून ठेवली, आणि वर्ष संपेतो ती तेथेच राहिली. जेम्सबाईंना या पाहुण्यांचा त्रास झालाच असणार. धाकट्या दोन मुलांची त्यात करमणूक झाली, तेवढीच भरपाई झाली असावी, असे थॉर्नडाइकांनी पुढे लिहून ठेवले आहे. 'घरी आणून ठेवली' हे म्हणावयास सोपे आहे. आपल्यापैकी कितीजण आपल्या विद्यार्थ्याची पिल्ले घरी आणतील? आम्ही तर आमच्या विद्यार्थ्याची सायकलदेखील ओट्यावर ठेवू देत नव्हतो.

1897 साली कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. (1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात गेले, तेच हे कोलंबिया.) तेथे कॅटेल हे मार्गदर्शक. उन्हाळ्याच्या सुटीत आईवडिलांच्या घरी पिल्लांचे काम चालूच होते. न्यूयॉर्कला जाताना थॉर्नडाइकांनी आपल्या दोन सर्वांत सुशिक्षित कोंबड्या एका टोपलीत घालून बरोबर नेल्या. मनात बेत असा की, यांचा वंश वाढवावा आणि आईबापांनी शिकलेले मुलांच्या रक्तात उतरते काय ते पाहावे. कोंबड्यांचा वंश वाढण्यास लागणारा काळ आणि शिष्यवृत्तीची मुदत यांचा मेळ त्यांनी घातलाच नव्हता. पुढे या बेताला त्यांनी स्वतःच मूर्खपणाचा म्हटले आहे. पहिल्या संशोधनात असा एखादा भव्य आणि अशक्य बेत असतोच, असे जाणकार सांगतात.

कोलंबियाने जागा दिली ती शेरमरहॉर्न नावाच्या इमारतीच्या माळ्यावर. तळघरातून माळ्यावर, एवढीच प्रगती. तेथे त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पंधरा पेट्या केल्या. कारागिरीचा हात मुळीच नव्हता. पेट्या ओबडधोबड, फळांच्या खोक्यांसारख्या. कोणत्या पेटीचे दार दोरीचा फास ओढला की उघडे, कोणत्या पेटीचे खटका दाबला की, तर कोणत्या पेटीत दोनतीन गोष्टी कराव्या लागत. भुकेले मांजर आत ठेवावयाचे, अन्न बाहेर, आणि हातात घड्याळ.

एका मांजराचे आकडे पाहा. पहिल्या खेपेस 160 सेकंद. दुसऱ्या खेपेस 30. आता वाटते, मांजराला समजले. तिसऱ्या खेपेस 90. चौथ्या खेपेस 60. मग 15, मग पुन्हा 28. असे वरखाली होत होत वीस-बावीस खेपांनंतर ते सहा-सात सेकंदांवर स्थिरावते. या आकड्यांचा आलेख काढल्यावर थॉर्नडाइकांच्या ध्यानी आले की, रेषा एकदम कोसळत नाही, रेंगाळत उतरते. मांजराला युक्ती खरोखर 'सुचली' असती, तर एकदा साधल्यावर पुढच्या प्रत्येक वेळी दार तत्काळ उघडावयास हवे होते. तसे होत नाही. निरुपयोगी धडपड हळूहळू झडते आणि फलद्रूप झालेली हालचाल पक्की होते, एवढेच घडते. एका मांजराने दार उघडलेले दुसऱ्याने पाहिले तरी त्यास उपयोग झाला नाही. मांजराचा पंजा हातात धरून खटका दाबविला तरीही झाला नाही. वर्गात मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांना हे वाचून थोडे अस्वस्थ व्हावयास होते. मात्र मूल म्हणजे मांजर नव्हे, हेही खरे.

त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीविषयी जे लिहिले जाई ते बहुतेक आख्यायिकांवर आधारलेले असे. अमक्याच्या कुत्र्याने दार उघडले, तमक्याचे मांजर घर शोधीत आले. थॉर्नडाइकांचा आक्षेप असा होता की, शेकडो कुत्री वाट चुकतात त्याची वार्ता कोणी छापीत नाही. एखादे लांबून घरी परतले की तेवढीच गोष्ट तोंडोतोंडी होते. आमची ही स्मरणिका डोळ्यांपुढे आणा. तिच्यात दरवर्षी पहिल्या वर्गात आलेल्यांची छायाचित्रे येतात. वाट चुकलेल्यांची यादी मंडळाने कधी केली आहे काय?

1898 साली हा प्रबंध पुरा झाला आणि नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापला गेला. पाने शंभराहून थोडी अधिक. पुढल्याच वर्षी कॅनडातील वेस्ली मिल्स या ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. माणसाला जिवंतपणी शवपेटीत घालून पुरावे आणि त्याच्या तडफडीवरून मानवी मनाचे निदान करावे, तसा हा प्रकार आहे, असा त्याचा आशय. टीका निव्वळ मत्सराची नव्हती. कोंडलेले मांजर आणि अंगणातील मांजर यांत फरक आहेच. तरुण थॉर्नडाइकांनी लगोलग उत्तर दिले, आणि तेही काही नम्र नव्हते. असो. पुढे 1899 पासून ते कोलंबियाच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवू लागले व निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. 1901 साली वुडवर्थ या मित्रासमवेत त्यांनी दाखविले की, एका विषयाच्या तालमीने मन सर्वच विषयांस तीक्ष्ण होते ही समजूत फारशी खरी नाही. आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांना हे कळले असते तर त्यांनी थॉर्नडाइकांना वर्गाबाहेर उभे केले असते.

आता परिणामाच्या नियमाविषयी बोलणे भाग आहे, आणि हे बोलताना आम्हांस जड जाते. त्या नियमाचा अर्थ आम्हांस असा शिकविला गेला की, ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती दृढ होते आणि जिच्यानंतर त्रास होतो ती दुबळी होते. यातील दुसऱ्या अर्ध्याने आमच्या छडीला शास्त्राचा आधार दिला. चौथीत एक मुलगा होता. सतराच्या पाढ्यात तो सातापाशी हटकून चुके. चुकला की छडी. आम्ही रागीट नव्हतो. नियमाने मारीत होतो. काही दिवसांनी असे होऊ लागले की, 'सतरा साते' एवढे म्हणून तो थांबे आणि उत्तर देण्याऐवजी हात पुढे करी. तो काय शिकला होता ते वर्गातील प्रत्येक मुलाला दिसत होते, फक्त आम्हांस दिसत नव्हते.

आणि ज्यांच्या नावाने आम्ही ही छडी चालविली त्यांनी हे मत केव्हाच मागे घेतले होते. 1929 साली न्यू हेवन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, जगातील विद्वानांसमोर उभे राहून थॉर्नडाइकांनी आपली चूक झाली असल्याचे सांगितले. त्यांनी माणसांवर नवे प्रयोग केले होते. अपरिचित शब्दाच्या पाच अर्थांतून एक निवडावयाचा. उत्तरावर 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच सांगावयाचे. 'बरोबर' म्हटल्याने ते उत्तर पक्के होई. 'चूक' म्हटल्याने ते उत्तर मागे पडेच असे नाही. 1932 सालच्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. म्हणजे आम्ही पदविकेच्या वर्गात जो नियम घोकला त्याचा अर्धा भाग त्याच्या कर्त्याने आमच्या जन्मापूर्वीच खोडला होता. आमच्या वहीत तो तसाच राहिला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा बंद केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत नाराजीने बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. तो मुलगा आज आपल्याच ज्ञातीत मानाने व्यवसाय करतो. भेटला की वाकून नमस्कार करतो. नमस्कारासाठी तो हात पुढे करतो तेव्हा आमची नजर खाली जाते.

थॉर्नडाइकांची पूजा बांधावी असा आमचा हेतू नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे. बुद्धी मुख्यत्वे वंशाने येते आणि मानववंशांत जन्मजात उच्चनीच असते, अशा मतांचा त्यांनी पुढे पुरस्कार केला. त्या कारणास्तव त्यांच्याच महाविद्यालयाने 2020 साली एका इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. ज्या मनुष्याने स्वतःच्या कोंबड्यांच्या वंशाचा बेत हसण्यावारी नेला त्याला माणसांच्या बाबतीत तेवढी सावधगिरी सुचू नये, याचे नवल वाटते. ज्ञातीच्या संमेलनात कुळाचा अभिमान बोलून दाखविणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, हे ऐकून ठेवावे.

आता माडीवरील खोलीकडे येतो. गतवर्षी आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षास होती. तिचा लघुप्रबंध शाळकरी मुलांच्या स्मरणाविषयी होता. विद्यापीठाच्या समितीची संमती तिने घेतली होती. पालकांच्या सहीचे कागद तयार होते. एका शाळेने आधी होकार दिला आणि ऐन वेळी परीक्षेचे निमित्त सांगून नाही म्हटले. दिवाळीच्या सुटीत तिने मंडळाकडे अर्ज केला. माडीवरील खोली आठ दिवस मिळावी; एकेका मुलाला शांतपणे बसविण्यापुरती जागा हवी, भाडे द्यावयास तयार आहे. कार्यकारी मंडळात तो अर्ज वाचला गेला. कोणी म्हणाले, मुलांवर प्रयोग म्हणजे उद्या बोलणे आपल्याला खावे लागेल. कोणी म्हणाले, खोलीत लग्नाची भांडी आहेत, ती कोठे हलवावयाची? कोणी म्हणाले, इंजिनियरिंगचे काही असते तर गोष्ट वेगळी होती. अर्ज तीन मिनिटांत निकालात निघाला. आम्ही त्या बैठकीस हजर होतो. आम्ही काही बोललो नाही. भांड्यांचा मुद्दा आम्हांस त्या वेळी सयुक्तिक वाटला होता.

तिने रागाचे पत्र लिहिले नाही. महिन्याने ती आमच्या घरी आली, थॉर्नडाइकांच्या त्या आत्मकथनाची प्रत ठेवून गेली, आणि "गुरुजी, वेळ मिळाला तर वाचा" एवढेच म्हणाली. इंग्रजी आम्हांस सावकाश वाचावे लागते. तळघराच्या मजकुरापर्यंत पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्या रात्री आम्हांस झोप नीट लागली नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तिचे काम पुढे तिच्या मामांच्या घरी झाले. मामींनी आठ दिवस आपले स्वयंपाकघर दुपारी दोन ते पाच बंद ठेवले, कारण भांड्यांचा आवाज मुलांना बाधतो. शेजारपाजारची मुले आली, बसली, खाऊ घेऊन गेली. तिने जे निघेल म्हणून धरले होते ते सारे निघाले नाही. मार्गदर्शकांनी सांगितले, निघाले तेवढे लिही. तिने तसे लिहिले. प्रबंध मान्य झाला.

गेल्या महिन्यात माडीवरील भांडी आम्ही आणि दोन तरुण कार्यकर्त्यांनी मिळून जिन्याखालच्या कोठीत हलविली. एक सकाळ लागली. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि पंखा बसविला आहे. किल्ली चिटणिसांकडे असते.

प्रबंधाची एक प्रत तिने मंडळाच्या वाचनालयास पाठविली आहे. कपाटात लावण्यापूर्वी आम्ही ती चाळली. आरंभीच्या ऋणनिर्देशाच्या पानावर मामा-मामींचे नाव आहे, मार्गदर्शकांचे आहे, आलेल्या मुलांचे एकत्रित आभार आहेत. मंडळाचे नाव नाही.